सड्यावरून समुद्रापर्यंत: आषाढातली रत्नागिरी पायी

रत्नागिरीला लोक येतात ते आंब्याच्या दिवसांत, नाहीतर गणपतीत गावी जाताना वाटेवर उतरावे लागते म्हणून. आषाढात येथे मुद्दाम कोणी येत नाही, आणि आलाच तर गाडीच्या काचेतून शहर पाहून गणपतीपुळ्याच्या रस्त्याला लागतो. माझे आषाढातले राहणेही हौसेचे नव्हते. घरच्या एका जुन्या जमिनीच्या फेरफाराचे उतारे आणि नकला मिळवायच्या होत्या. त्या कामात सकाळचा वेळ कचेरीत जाई आणि नंतरचा सगळा दिवस मोकळा मिळे. लॉजच्या खोलीत भिंतीवर चढणारी ओल पाहत बसण्यापेक्षा चालावे असे ठरवले, आणि त्या चालण्यातून हे शहर जसे कळले, तसे ते उन्हाळ्यातल्या आधीच्या भेटींत कधी कळले नव्हते.

रत्नागिरी तीन पातळ्यांवर वसलेली आहे. वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे, सपाट पठार. मधे उतारावर दाटीने वसलेल्या आळ्या. आणि खाली खाडीच्या व समुद्राच्या काठाने मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा, मुरुगवाडा अशा वस्त्या. रेल्वेने येणारा माणूस वरच्या अंगाने शहरात शिरतो, कारण स्थानक शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. पूर्वी आगबोटीने येणारा मात्र मांडवीच्या धक्क्यावर उतरून खालून वर चढत असे. एकाच शहराची ही दोन दारे, आणि दोन्हींच्या मधला सगळा उतार पावसाळ्यात वाहत असतो. मी नियम असा केला की रोज वरून निघायचे आणि पाणी जिकडे जाईल तिकडे जायचे. रस्ता विचारण्याची वेळ फारशी आली नाही.

हे पाणी कसे वाहते ते पाहायचे तर आधी जांभा पाहिला पाहिजे. रत्नागिरीतले जुने घर, कुंपणाचा गडगा, विहिरीचे बांधकाम, देवळाची पायरी, सगळे या तांबड्या, सच्छिद्र दगडाचे आहे. खाणीतून चिरा, म्हणजे या दगडाचा घडीव ठोकळा, काढतात तेव्हा तो बराच मऊ असतो, उघड्या हवेत राहिला की कठीण होत जातो, पण त्याची भोके बुजत नाहीत. सड्यावर पडलेल्या पावसातला काही भाग दगडात मुरतो आणि उताराच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येतो. उरलेला पऱ्ह्यांतून, म्हणजे पावसाळी ओहोळांतून, आणि गटारांतून धावत सुटतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत टँकर का लागतात, हा घाटावरच्या माणसाला नेहमी पडणारा प्रश्न आहे. तो या उतारावर पावसात तासभर उभे राहिले की पडेनासा होतो. पाणी येथे थांबतच नाही. साचवून ठेवायला भूमी सपाट नाही, आणि जी सपाट आहे ती कातळ आहे.

तयारीचे थोडे सांगतो, कारण ती चुकली तर चालण्यातले सुख जाते. पुण्या-मुंबईहून येणारे रेनकोट आणतात. पण येथे हवा दमट आणि उकाड्याची असल्यामुळे चढावर रेनकोटाच्या आत घामानेच अंग भिजते. लांब दांड्याची, जाड काड्यांची काळी छत्री उत्तम; घडीची छत्री मांडवीच्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी उलटी होते. कातडी चपला वापरू नयेत, रबरी सॅंडल वापराव्यात आणि त्यांचे तळ झिजलेले नसावेत, कारण जांभ्याच्या पायऱ्यांवर जे हिरवट-काळे शेवाळ धरते ते पाण्याखाली दिसत नाही. पाखाडीने, म्हणजे उतारावरच्या दगडी पायऱ्यांच्या वाटेने, उतरताना कडेने न चालता मधून चालावे, जेथे लोकांच्या पायांखाली शेवाळ घासले गेलेले असते. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचे रुग्ण कोकणात पावसाळ्यात आढळतात आणि स्थानिक माणसे ही गोष्ट गांभीर्याने घेतात. मोबाइलला प्लॅस्टिकची पिशवी आणि खिशात एक कोरडा रुमाल, एवढ्यावर माझे भागले.

वरचा सडा मी पहिल्यांदा पाहिला तो चंपक मैदानाच्या बाजूला. मे महिन्यात हाच कातळ तव्यासारखा तापलेला असतो आणि त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. आता त्याच्या खळग्यांतून पाणी साचले होते, मातीचा बोटभर थर जेथे होता तेथे गवत उगवले होते आणि गवतात दिपकाडीची पांढरी फुले डोलत होती. ही वनस्पती कोकणच्या सड्यांवरची. तिचा कांदा वर्षभर जमिनीत दडून राहतो आणि पहिल्या पावसानंतर थोडे दिवस फुलून जातो. मृगात किंवा आर्द्रात जो आला नाही त्याला ती दिसतच नाही. मला दिसली ती शेवटची शेवटची असावी, कारण बरीच फुले मान टाकून होती.

मारुती मंदिराकडून माळनाक्याला आणि तेथून थिबा राजवाड्याकडे गेलो तो दिवस झडीचा होता. सर येते आणि जाते तिला पाऊस म्हणावे. झड म्हणजे दिवसभर एकाच लयीत चाललेले, ना कमी ना जास्त. अशा दिवशी राजवाडा पाहण्याचा फायदा असा की तेथे दुसरे कोणी नसते. इमारत तीन मजली, जांभ्याची, अर्धगोल कमानींच्या लाकडी खिडक्यांची. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५च्या युद्धानंतर मंडालेहून हलवले आणि १८८६मध्ये रत्नागिरीला आणून ठेवले. हा राजवाडा बांधून तो त्यात राहायला गेला १९१०मध्ये, म्हणजे रत्नागिरीत आयुष्याची जवळजवळ पंचवीस वर्षे इतर बंगल्यांत काढल्यावर. आणि १९१६च्या डिसेंबरात तो वारला. आता तेथे शासनाचे संग्रहालय आहे.

वरच्या मजल्यावरून पाहिले तेव्हा समुद्राच्या जागी नुसता करडा पडदा होता. एरवी येथून खाडी, भाट्याचा किनारा आणि पलीकडचा समुद्र दिसतो, आणि राजा जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांकडे पाहत बसे असे मार्गदर्शक सांगतात. पण पावसाळ्यात तो काय पाहत असेल? मुंबईहून येणाऱ्या आगबोटी या दिवसांत बंद असत. घाटातले रस्ते बेभरवशाचे, आणि कोकण रेल्वे पूर्ण मार्गाने धावू लागली ती १९९८मध्ये. वर्षातले चार महिने रत्नागिरीला येणे आणि रत्नागिरीहून जाणे दोन्ही अवघड होते. पदच्युत राजाला ठेवायला इंग्रजांनी हे गाव का निवडले असावे, याचे पुस्तकी उत्तर मला ठाऊक होते. त्या खिडकीशी उभे राहिल्यावर ते पटले. तटबंदी बांधण्याची गरजच नव्हती, ते काम पाऊस करीत होता. राजाच्या मृत्यूनंतर १९१९मध्ये राणी सुपयालत आणि कुटुंबाला ब्रह्मदेशात परतू दिले गेले, परंतु थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीलाच आली आणि १९४७मध्ये तिने येथेच देह ठेवला. तिला तोवर हे गाव आपले वाटू लागले होते, यात नवल नाही. थिबाची समाधी शहरातच, शिवाजीनगर भागात आहे. २०१२च्या डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तेथे येऊन गेले.

राजवाड्याच्या पुढे थिबा पॉइंट. तेथे मी बराच वेळ थांबलो, कारण मधेच उघडीप मिळाली. खाली काजळी नदी समुद्राला मिळते, तिच्यावर भाट्याचा पूल आहे, अलीकडे राजिवड्याची कौलारू घरे आणि मशिदीचे मनोरे. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ, तांबूस होऊन येते आणि समुद्रात शिरल्यावरही बराच वेळ मिसळत नाही. वरून पाहताना त्या तांबड्या पाण्याची जीभ समुद्रात दूरवर गेलेली दिसते, तिच्या कडेला फेसाची रेघ असते, आणि भरती चढू लागली की ती रेघ हळूहळू मागे सरकते. सड्यावर मी सकाळी जो पाऊस पाहिला होता त्यातलाच काही येथे आला असणार. फेसाच्या रेघेवर घारी घिरट्या घालत होत्या, म्हणजे तेथे काहीतरी खाण्याजोगे वर येत असावे.

परत माळनाक्याला येऊन जेल नाक्यावरून जयस्तंभाकडे उतरलो. हा उतार शहराच्या सरकारी भागातून जातो: कारागृह, कचेऱ्या, न्यायालय. थिबानंतर इंग्रजांनी येथे आणखी एक नको असलेला माणूस ठेवला. विनायक दामोदर सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते, आणि त्याआधी काही काळ ते येथल्या तुरुंगातही होते. खाली उतरून वरच्या आळीत गेले की पतितपावन मंदिर लागते. सर्व जातींच्या हिंदूंना खुले असलेले हे मंदिर १९३१मध्ये झाले, आणि त्याचा खर्च भागोजीशेठ कीर यांनी केला. सावरकरांचे नाव सगळ्यांना माहीत असते, भागोजीशेठांचे थोड्यांना. भंडारी समाजातल्या, गरिबीतून वर आलेल्या या गृहस्थांनी मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मिळवलेला पैसा गावाकडे वळवला नसता, तर हे मंदिर कागदावरच राहिले असते. मी गेलो तेव्हा सभामंडपात काही शाळकरी मुले दप्तरे पोटाशी धरून पाऊस थांबण्याची वाट पाहत बसली होती, आणि पुजारी त्यांना ओल्या पायांनी गाभाऱ्याकडे येऊ नका म्हणून सांगत होते.

पावसाचा जोर फारच वाढला की आसरा म्हणून मी जिल्हा नगर वाचनालयात जाई. हे वाचनालय १८२८मधले, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. रत्नागिरीच्या हवेत पुस्तके जपणे म्हणजे काय असते, ते तेथे बसल्यावर समजते. वर्तमानपत्राचा कागद दुपारपर्यंत इतका मऊ पडतो की पान उलटताना आवाज होत नाही, आणि जुन्या बांधणीच्या पुठ्ठ्यांवर पांढुरकी बुरशी धरू पाहते. दीडशे-दोनशे पावसाळे ज्या संस्थेने कागद राखला तिच्याबद्दल मला अन्य कोणत्याही स्मारकापेक्षा अधिक आदर वाटतो, आणि पर्यटकांच्या यादीत तिचे नाव क्वचितच असते याची खंतही वाटते.

टिळक आळीत मी जाणूनबुजून पावसातच गेलो. लोकमान्यांचा जन्म २३ जुलै १८५६चा, म्हणजे ऐन पावसाळ्यातला, आणि ते घर उन्हात पाहण्यात अर्थ नाही असे मला वाटत होते. कौलारू छप्पर, पुढे पडवी, आत बसक्या खोल्या. वडील गंगाधरपंत शिक्षक, तेव्हा घर काही वाड्याच्या थाटाचे नाही. १८६६मध्ये हे कुटुंब पुण्याला गेले. म्हणजे टिळकांचे वयाच्या दहाव्या वर्षापर्यंतचे पावसाळे या उतारावर गेले. दालनातली छायाचित्रे आणि माहितीचे फलक मी भराभर पाहिले, कारण ते अन्यत्रही वाचायला मिळते. थांबलो तो पडवीत. कोकणी छपराची वळचण इतकी खाली आणलेली असते की बाहेरच्या माणसाला वाकून आत यावे लागते, आणि त्यामुळे कितीही वाऱ्याचा पाऊस असला तरी त्याचा मारा भिंतीपर्यंत पोहोचत नाही. पागोळ्या पडतात त्या ओळीत खाली चिऱ्यांची पट्टी घातलेली असते. अशा पट्टीवर प्रत्येक पागोळीखाली एक खळगा झालेला दिसतो. खळग्यांमधले अंतर कौलांच्या रुंदीइतकेच. घराचे वय त्या खळग्यांच्या खोलीवरून सांगता येईल असे मनात आले, पण जोते आणि पट्ट्या दुरुस्तीत बदलल्या जातात, तेव्हा त्या तर्कावर भिस्त ठेवू नये.

त्याच भागात एका घराच्या पडवीत सरीपुरता उभा राहिलो असता आतून एक वयस्क बाई आल्या. परक्या माणसाला पडवीत पाहून त्यांना काहीच वाटले नाही. "उभे का? बसा की. ही सर लवकर जायची नाही," म्हणाल्या आणि झोपाळ्यावरचे वाळत घातलेले कपडे एका बाजूला सारून जागा करून दिली. कपडे वाळत नाहीत, ही त्यांची मुख्य तक्रार. पूर्वी चुलीवर टोपली उपडी घालून तिच्यावर कपडे शेकत असत. आता गॅस आला, धूर गेला आणि त्याबरोबर ही सोयही गेली. मी पायी हिंडतो आहे हे ऐकल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे काम काय?" काम कचेरीत आहे, हिंडणे असेच, असे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिले आणि आल्याचा, पातीचा चहा आणून दिला.

राम आळी आणि गोखले नाका हा रत्नागिरीचा बाजार. पावसाळ्यात त्याची खरी शोभा दुकानांत नसून दुकानांच्या पुढ्यात, प्लॅस्टिकच्या कागदाखाली बसलेल्या बायकांपाशी असते. आसपासच्या गावांतून सकाळच्या एस.टी.ने आलेल्या या बायका टाकळा, भारंगी, फोडशी, कुड्याच्या शेंगा, अळूच्या जुड्या घेऊन बसतात. यांतले काहीही पेरलेले नसते. सड्यावर, बांधावर, पऱ्ह्याच्या काठाने आपोआप उगवते आणि पावसाबरोबर जाते. एकीने मला भारंगीची पाने दिली आणि ती कशी करायची ते सांगितले: चिरून उकळून पाणी पिळून काढायचे, नाहीतर कडू लागते, मग भिजवलेल्या डाळीत किंवा कडव्या वालांत घालायची. लॉजवर चूल नाही म्हटल्यावर तिने जुडी परत घेतली, पैसेही परत दिले, आणि शेजारच्या खानावळीचे नाव सांगितले.

खानावळीत गरम भात, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा मिळाला. ताजा मासा नव्हता असे नाही. फ्रीजमधला होता, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्याही, होत्या; पण मालकाने स्वतःहूनच सांगितले की या दिवसांत सुके खा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. म्हणून मे महिन्यातच आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीची, बेगमी होते: सुकट, सोडे, सुके बोंबील, सुका बांगडा, कांदे, मिरची, मसाला, आमसुले. पाऊस कौलांवर वाजत असताना पिठीभाताबरोबर बांगड्याचा तो जळका, खारट तुकडा खाल्ला की बाजारातली सगळी ताजी सुरमई मागे पडते, हे माझे मत आहे आणि त्यावर वाद घालायला मी तयार आहे.

मांडवीला जाण्यापूर्वी भरतीची वेळ पाहावी. ती पाहायला वर्तमानपत्र लागत नाही. धक्क्याजवळच्या चहाच्या टपरीवर एक म्हातारे गृहस्थ बसलेले होते. त्यांनी मला तिथी विचारली. मी मोबाइलमध्ये पाहून षष्ठी सांगितली. तिथीची पाऊणपट करा, म्हणाले. सहाची पाऊणपट साडेचार, तेव्हा साडेचारच्या सुमाराला भरती पुरी होणार. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. हा ठोकताळा आहे, बंदराबंदराप्रमाणे वेळ थोडी पुढेमागे होते, पण किनाऱ्यावरची माणसे पिढ्यान्‌पिढ्या यावर काम करीत आली आहेत. उधाणाची भरती आणि वरून मोठी सर एकाच वेळी आली की खालच्या भागातले पाणी बाहेर पडायला वाट मिळत नाही. मी दिवसभर ज्या पाण्यामागून चालत होतो ते येथे येऊन अडते आणि उलटे फिरते. तसे एका गटाराच्या तोंडाशी मी पाहिले: वरून येणारा तांबडा लोंढा आणि समुद्राकडून आत ढकलले जाणारे काळपट पाणी यांची हातभर उंचीची लाट होऊन ती जागच्या जागी उभी होती, आणि तिच्यात एक नारळ बराच वेळ गोल फिरत होता.

मांडवीची वाळू काळी. इल्मेनाइटसारख्या जड खनिजांचे कण या किनाऱ्यावरच्या वाळूत आहेत, आणि पावसाळ्यात लाटा हलकी वाळू ओढून नेतात तेव्हा काळ्या पट्ट्या अधिक ठसठशीत होतात. रत्नागिरीकर या बाजूला काळा समुद्र म्हणतात आणि रत्नदुर्ग किल्ल्याच्या उत्तरेकडच्या बाजूला पांढरा समुद्र. लाटा धक्क्यावर आदळून वर उडत होत्या आणि त्यांचे तुषार चहाच्या टपरीपर्यंत येत होते. पोलीस शिट्टी वाजवून तरुणांना कठड्यावरून उतरवत होता. ते उतरत आणि त्याची पाठ फिरली की परत चढत. समुद्र पाहायला धक्क्याच्या टोकाला जाण्याची काही आवश्यकता नाही, शंभर पावले मागूनही तो तेवढाच दिसतो.

मिरकरवाडा बंदरात मी गेलो तेव्हा वास अपेक्षेपेक्षा फारच कमी होता. एरवी माशांच्या लिलावाने, बर्फाच्या गाड्यांनी आणि ओरड्याने भरलेले हे बंदर दोन महिने गप्प असते. नौका एकमेकींना खेटून बांधलेल्या, कित्येक किनाऱ्यावर ओढून ताडपत्रीने झाकलेल्या, झेंडे उतरवलेले. पण काम चाललेलेच होते, फक्त छपराखाली. एका शेडमध्ये जाळ्यांचा डोंगर घालून त्याच्याभोवती पाच-सहा जण बसले होते. एक जण पायाच्या अंगठ्यात जाळे ताणून धरी आणि हाताने सुई फिरवी. जाळ्याचे फाटलेले घर सापडले की ते कापून चौकोन नीट करून घ्यायचा आणि मग कडेपासून विणत मध्यावर यायचे. सुई प्लॅस्टिकची, पूर्वी बांबूची असे. त्यातल्या तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, सांगितले की नेपाळी खलाशी जूनमध्ये गावी गेले आहेत आणि जुलैअखेर परत येतील. ते वेळेवर आले नाहीत तर हंगाम सुरू होऊनही नौका बंदरातच राहते. रत्नागिरीतल्या कित्येक नौकांवरचे हात आज हिमालयाच्या पायथ्याकडून येतात. राजा मंडालेहून आणला गेला आणि खलाशी नेपाळहून येतात, असे हे एकाकी समजले जाणारे गाव. नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होईल, पण डिझेल, बर्फ, खलाशांची उचल यांची बोलणी आताच चालू होती, आणि त्या बोलण्यात पाऊस हा विषयच नव्हता.

रत्नदुर्गावर मी शेवटी गेलो, तेही छत्री खाली ठेवून. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या त्या घोड्याच्या नालासारख्या किल्ल्यावर आषाढात छत्री उघडणे व्यर्थ आहे. भगवतीच्या देवळात घंटा वाऱ्याने आपोआप हलत होती. दीपगृह १८६७चे, तटाच्या दुसऱ्या टोकाला उंचावर. मात्र कड्याच्या बाजूला मी गेलो नाही आणि कोणी जाऊ नये. गवत वाढल्यामुळे कडा कोठे संपतो ते दिसत नाही आणि जांभ्याचे सुटे दगड पायाखालून निसटतात. तटाच्या आतूनही पुरेसे दिसते. दक्षिणेला मांडवीची काळी रेघ, उत्तरेला मिरकरवाड्याच्या पलीकडे पांढऱ्या समुद्राची फिकट रेघ, आणि त्याच्याही पुढे मिऱ्याचा डोंगर. त्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर ३ जून २०२०ला, निसर्ग चक्रीवादळाच्या दिवशी, ‘बसरा स्टार’ नावाचे जहाज भरकटत येऊन लागले आणि पुढे कित्येक वर्षे तेथेच रुतून राहिले. वस्तीला लागून असलेला तेथला बंधारा दर पावसाळ्यात कोठे ना कोठे खचतो, पुन्हा दगड टाकले जातात. वरच्या आळ्यांना पाऊस ही कपडे वाळण्याची अडचण आहे, मिरकरवाड्याला दोन महिन्यांची रजा, आणि मिऱ्याला अंगणात शिरणारा समुद्र. गाडीने एका दमात हिंडणाऱ्याला हे तिन्ही एकच ओले शहर वाटते.

ज्याला असे हिंडायचे असेल त्याने जुलैचा मध्य धरावा. जूनमध्ये पाऊस अजून अनिश्चित असतो आणि ऑगस्टपासून बंदर उघडते, तेव्हा मिरकरवाड्यात उभे राहायला जागा मिळत नाही. रोज वरून खाली उतरावे आणि वर परतताना एस.टी.ची शहर बस घ्यावी. मांडवीहून वर चढणे ओल्या कपड्यांत जिवावर येते, आणि रिक्षावाले भिजलेल्या माणसाला पाहून सीट पुसण्याचे कारण सांगून पुढे जातात. बसमध्ये मात्र सगळेच भिजलेले असतात. माझ्या शेवटच्या फेरीला खिडक्यांची तावदाने बंद, छपरातून दोन ठिकाणी गळती, आणि गळतीखालच्या दोन जागा सोडून बाकी बस खच्चून भरलेली होती. धनजी नाक्यावर आणखी एक घोळका आत शिरला तेव्हा कंडक्टर मागून ओरडला, "छत्र्या दारातच झटका हो, शेजाऱ्याच्या मांडीवर नको! आणि गळतीखाली कोण बसणार असेल त्याने आधी सांगा, त्याला तिकीट फाडतो, जागा आहे."